गुण्यात बसलेले लाकूड

हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यातील जवळा बाजार या गावाच्या नावातच बाजार आहे. कापूस, हळद आणि अलीकडच्या काळात सोयाबीन पिकविणाऱ्या या मुलखातील शेतकऱ्याचे सारे जीवित एके काळी लाकडावर उभे होते. नांगर, वखर, तिफण, जू आणि बैलगाडी ही सर्व अवजारे गावच्या सुताराच्या हातून निघत. बाभळीचे चिवट लाकूड शेतीच्या अवजारांना आणि सागवान दाराचौकटींना, हा हिशेब शेतकऱ्याच्या पोरालाही ठाऊक असे. बारा बलुतेदारांमध्ये सुताराचे स्थान मोठे होते, कारण मृगाचा पाऊस पडण्यापूर्वी त्याच्या दारी न जाणारा कुणबी विरळा. वर्षभराच्या कामाबद्दल त्याला खळ्यावर धान्याचे बलुते मिळे. १९४८ पर्यंत हैद्राबाद संस्थानात असलेल्या या भागात शाळा थोड्या होत्या. परंतु सुताराच्या पडवीत एक शाळा अखंड भरत असे.

त्या पडवीतील शिक्षणाची रीत पाहण्यासारखी आहे. मुलगा आधी नुसता बसून बघे. मग ढलप्या गोळा करी, लाकूड धरून ठेवी, करवतीचे दुसरे टोक ओढी. पुढे वाकस हाती येई, त्यानंतर रंधा आणि पटाशी. गाडीच्या चाकाचे आरे तुंब्यात बसविण्याचे काम मात्र पुष्कळ वर्षांनंतर मिळे, कारण तेथे केसभराची चूक झाली तरी भरल्या गाडीखाली चाक बोलू लागते. तिफणीच्या फणांमधील अंतर सारखे नसेल, तर उगवलेल्या पिकाच्या ओळीच ती चूक साऱ्या शिवाराला दाखवीत. अशा रीतीने पंधरा-सोळा वर्षांचा पोर गावात ताठ मानेने वावरे. आपण केलेली वस्तू चालते, हे त्याला कोणी सांगावे लागत नसे.

परंतु या चित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ही शाळा जन्मावर प्रवेश देणारी होती. सुताराचा मुलगा तेवढा आत आणि बाकीचे बाहेर. गावकुसाबाहेरील मुलांना रंधा मिळत नव्हता, मुलींना तर मुळीच नाही. आणि आत असलेल्यालाही बाहेर पडण्याची मुभा नव्हती. याच जिल्ह्यातील नरसी हे संत नामदेवांचे गाव मानले जाते. शिंपी नामदेव, कुंभार गोरोबा, माळी सावतोबा या संतांनी आपापले काम न सोडता ईश्वराला शोधले. वारकरी परंपरेने हातांच्या कामाला भक्तीच्या शेजारी बसविले. तरीही समाजात मान राहिला तो लेखणीला. हात एकीकडे, अक्षर दुसरीकडे आणि मधे जातीची भिंत, ही आपल्या शिक्षणाच्या इतिहासाची जुनी दुखरी जागा आहे. पुढील दीडशे वर्षांत ही भिंत पाडण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांचा मागोवा घेण्याचे आम्ही योजिले आहे.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन ठेवले, त्यात प्राथमिक शाळेच्या अभ्यासक्रमात वाचन, लेखन व हिशेबासोबत शेतीचे मूलभूत ज्ञान आणि आरोग्याचे नियम शिकवावेत असा आग्रह होता. मुलगा शाळेत शिकतो ते आणि घरी जगतो ते, यांत मेळ असावा ही त्यामागील दृष्टी. त्याच सुमारास महाराष्ट्रात दुष्काळांमागून दुष्काळ पडत होते. १८७६ ते १८७८ आणि पुन्हा १८९९-१९०० या काळात अनाथ झालेल्या मुलांना विविध मिशनांनी आश्रय दिला आणि अक्षरांबरोबर सुतारकाम, विणकाम, लोहारकाम शिकविणाऱ्या उद्योगशाळा उभ्या राहिल्या. केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी १८९६ नंतर दुष्काळग्रस्त मुली व स्त्रिया यांना मुक्ती सदनात आणले. तेथील स्त्रियांनी छापखाना चालविला. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेले मराठी बायबल त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली, तेथेच छापून झाले. ज्या हातांना समाजाने निरुपयोगी ठरविले होते, त्यांनी ग्रंथाचे खिळे जुळविले. तथापि उद्योगशाळांवर एक आक्षेप राहिलाच: अनाथाला आणि गरिबाला रंधा, श्रीमंताच्या मुलाला इंग्रजी. हा आक्षेप पोकळ नव्हता, आणि पुढे तो पुन्हा पुन्हा डोके वर काढणार होता.

युरोपातही याच प्रश्नाशी झुंज चालू होती. इटलीतील ट्यूरिन शहरात खेड्यांतून आलेली पोरकी मुले बांधकामांवर आणि कारखान्यांत राबत होती. डॉन बॉस्को या धर्मगुरूंनी त्यांच्यासाठी मालकांशी लेखी करार करण्यास सुरुवात केली. १८५२ च्या फेब्रुवारीतील असा एक करार एका सुतार-कारागिराशी केलेला आहे. त्यात मालकाने मुलाला धंदा पुरता शिकवावा, धंद्याबाहेरच्या कामाला जुंपू नये, चुकल्यास शब्दांनी समजवावे आणि मारू नये, सणावारी मोकळे ठेवावे, अशा अटी आहेत. बालमजुरीविरुद्ध कायद्यांची भाषा नीट रुजली नव्हती, त्या काळातील ही गोष्ट. पुढे त्यांनी आपल्या संस्थेतच कार्यशाळा काढल्या. सुतारकामाची १८५६ साली निघाली. त्यांचे सलेशियन अनुयायी १९०६ साली तंजावर येथे भारतात आले, आणि तंत्रशाळा ही त्यांच्या कार्याची ओळख ठरली. करारातील ती न मारण्याची अट आम्हांला विशेष मोलाची वाटते. भेदरलेल्या हातून सरळ रेषा कापली जात नाही, हे त्या धर्मगुरूंनी ओळखले होते.

उत्तरेकडे वेगळाच प्रयोग चालू होता. फिनलंडमध्ये ऊनो सिग्नेउस यांच्या आग्रहामुळे १८६६ साली लोकशाळांत हस्तकाम अनिवार्य झाले. स्वीडनमधील नेस या ठिकाणी ऑटो सालोमोन यांनी शिक्षकांसाठी वर्ग चालविले, आणि तेथे देशोदेशींचे शिक्षक येऊ लागले. या पद्धतीला स्लॉइड असे नाव आहे. तिचे सूत्र साधे होते. मुलाने लाकडाची, घरात खरोखर उपयोगी पडेल अशी संपूर्ण वस्तू एकट्याने करावी. पहिले हत्यार साधी सुरी. पहिली वस्तू रोपाला आधार देणाऱ्या काठीसारखी सोपी, आणि मग पायरीपायरीने अवघड. मुलाला सुतार करणे हा हेतू नव्हता. नेटकेपणा, लक्ष, चिकाटी आणि स्वतःच्या श्रमाविषयीचा आदर त्याच्या अंगी बाणावा, हा हेतू होता. शिवाय ही शिकवण गरिबांपुरती नव्हती. ती सर्वांच्या मुलांसाठी होती. उद्योगशाळेवरील आक्षेपाला येथे प्रथमच नीट उत्तर मिळाले.

आपल्या देशात हा विचार ज्या वाटेने आला, ती वाट कॅथलिक वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. तरुण बॅरिस्टर गांधी १८९५ साली दक्षिण आफ्रिकेत मारियानहिल येथील ट्रॅपिस्ट मठ पाहावयास गेले होते. मौन पाळणारे, शाकाहारी राहणारे आणि सुतारकामापासून चांभारकामापर्यंत सारे उद्योग स्वतः करून तेथील लोकांना शिकविणारे ते संन्यासी पाहून ते भारावून गेले आणि त्याविषयी त्यांनी लेखही लिहिला. पुढे १९१० साली जोहान्सबर्गजवळ टॉलस्टॉय फार्म सुरू झाला, तेव्हा त्यांचे सहकारी कालेनबाख यांनी ट्रॅपिस्ट मठात जाऊन चपला शिवण्याची कला आत्मसात केली, आणि गांधीजी ती त्यांच्याकडून शिकले. कालेनबाखांना सुतारकाम येत असल्यामुळे फार्मवर सुतारकामाचा छोटा वर्गही चाले. वर्ध्याच्या नव्या शिक्षणाचे एक मूळ असे एका मठाच्या कार्यशाळेपर्यंत पोहोचते.

ते नवे शिक्षण म्हणजे नयी तालीम. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष डॉ. झाकिर हुसेन होते, तेच पुढे १९६७ साली राष्ट्रपती झाले. समितीत विनोबा भावे, काका कालेलकर, किशोरलाल मश्रुवाला यांच्यासोबत दोन ख्रिस्ती सदस्य होते: सिलोनहून आलेले ई. डब्ल्यू. आर्यनायकम आणि अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा. सात ते चौदा या वयातील सर्व मुलामुलींना सात वर्षे मातृभाषेतून मोफत शिक्षण द्यावे आणि ते एखाद्या मूलोद्योगाभोवती गुंफावे, अशी शिफारस झाली. उद्योगांच्या यादीत सूतकताई व विणकाम, शेती, फळबाग व भाजीपाला, चामड्याचे काम आणि सुतारकाम यांचा समावेश होता. साडेपाच तासांच्या शाळेत ३ तास २० मिनिटे उद्योगाला दिली होती. गणित, विज्ञान आणि भाषा ही या कामातूनच उमलावीत, अशी कल्पना होती. पेटीची लांबी-रुंदी मोजताना क्षेत्रफळ, लाकूड कोठून आले ते पाहताना भूगोल, ते पावसाळ्यात का फुगते ते शोधताना विज्ञान.

या योजनेवर परिषदेतच टीका झाली. मुलांनी केलेल्या वस्तूंच्या विक्रीतून शिक्षकाचा पगार निघावा, हा स्वावलंबनाचा भाग अनेकांना रुचला नाही. प्राध्यापक के. टी. शहा यांनी मुलांचा माल बाजारात व्यावसायिक कारागिरांशी अन्यायाने स्पर्धा करील, अशी शंका काढली. ही शंका रास्त होती. मुलाने किती माल काढला हे मोजू लागलो, की मूल शिकले किती हे मोजण्याचे राहून जाते. स्वातंत्र्यानंतर मूलोद्योग शाळा पुष्कळ निघाल्या. पण शहरांतील सुशिक्षितांनी आपली मुले तेथे घातली नाहीत, आणि ज्यांच्यासाठी त्या काढल्या त्यांनीही फसविल्यासारखे मानले. पिढ्यान्‌पिढ्या हातांचेच काम करीत आलेल्या घराने मुलाला शाळेत घातले ते अक्षरासाठी. तेथेही टकळीच हाती आली, तर त्याने काय समजावे? शेजारच्या साहेबाचा मुलगाही तीच टकळी फिरवीत असता, तर गोष्ट वेगळी झाली असती.

कोठारी आयोगाने १९६६ साली ‘कार्यानुभव’ हा शब्द रूढ केला. १९७७ च्या ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ ही संकल्पना मांडली. महाराष्ट्रातील शाळांच्या वेळापत्रकात कार्यानुभवाची तासिका आली. तिचे पुढे काय झाले हे बहुतेक पालक जाणतात. पुष्कळ ठिकाणी ती तासिका गणिताला दिली गेली, आणि वर्षाअखेरीस दुकानातून विकत आणलेली वस्तू घरच्यांनी सजवून शाळेत जमा केली. जी वस्तू मुलाने केलीच नाही तिच्यावर त्याला गुण मिळाले. आत्मविश्वासाऐवजी त्याच्या पदरी एक लहानशी लबाडी पडली.

या काळोखात एक दिवा पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातील पाबळ येथे लागला. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेत अन्नतंत्रज्ञानाची डॉक्टरेट मिळवून आलेले शास्त्रज्ञ मुंबईत हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात काम करीत होते. मोठ्या पगाराची नोकरी सोडून १९८३ साली त्यांनी या अवर्षणप्रवण गावी विज्ञान आश्रम सुरू केला. पत्नी मीराताई त्यांच्यासोबत होत्या. नापास झालेली आणि शाळा सोडलेली मुले बुद्धीने कमी नसतात. त्यांना खडू-फळ्याची भाषा मानवत नाही, एवढेच, असा त्यांचा विश्वास होता. आश्रमाच्या निवासी अभ्यासक्रमात अशी मुले वर्षभर राहून वेल्डिंग, सुतारकाम, बांधकाम, विजेची जोडणी, शेती, पशुपालन आणि खाद्यप्रक्रिया शिकू लागली. शाळांसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय तयार झाला. आठवी ते दहावीच्या मुलामुलींनी आठवड्यातील एक दिवस या कामाला द्यावा, शिकविण्यासाठी गावातीलच कारागीर यावेत आणि मुलांनी गावाच्या खऱ्या गरजा भागविणारी कामे करावीत, अशी त्याची घडण होती. राज्याच्या माध्यमिक शिक्षण व्यवस्थेने त्याला मान्यता दिली.

पाबळच्या रीतीतील दोन गोष्टी आम्ही अधोरेखित करू इच्छितो. पहिली म्हणजे काम खरे असते. शाळेचे मोडके बाक दुरुस्त होते, शेजाऱ्याचे फाटक बसते. दुसरी म्हणजे मुली आणि मुलगे तेच काम करतात. मुलीच्या हाती करवत आणि मुलाच्या हाती स्वयंपाकघरातील वजनकाटा, यात तेथे कोणाला नवल वाटत नाही. डॉ. कलबाग २००३ साली वारले. आश्रमाचे कार्य पुढे चालले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. लाकूडकामाने तरुणाच्या मनात नेमके काय घडते? मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली मांडले की, आपल्याला एखादी गोष्ट जमेल हा विश्वास चार वाटांनी येतो: स्वतः करून मिळालेले यश, आपल्यासारख्याच दुसऱ्याला जमलेले पाहणे, इतरांचे उत्तेजन आणि शरीर-मनाची त्या वेळची अवस्था. यांपैकी पहिली वाट सर्वांत भक्कम. आपण पालक व शिक्षक बहुधा तिसऱ्याच वाटेवर गर्दी करतो. ‘तुला जमेल’ असे शंभरदा म्हणतो आणि जमविण्यासारखे काहीच हाती देत नाही.

एक साधे स्टूल घ्या. फळी रंध्याने साफ करायची, गुण्या लावून काटकोन पाहायचा, खुणा करायच्या, पायाच्या टोकाला कुसू कापायचे आणि ते बसेल असे भोक पटाशीने पाडायचे. कुसू जाड राहिले तर आत जात नाही. फार तासले तर डुगडुगते. येथे शिक्षकाने रागावण्याची गरज नाही, कारण गुण्याच सांगतो. गुण्याला जात कळत नाही, बापाचा हुद्दा कळत नाही, मुलगा की मुलगी हेही कळत नाही. त्याने दाखविलेला दोष अपमान करीत नाही आणि त्याने दिलेली पसंती खोटी नसते. दुसऱ्यांदा कापलेले कुसू पहिल्याहून बरे बसते. चौथ्या पायापर्यंत मुलाचे हात स्वतःच शहाणे झालेले असतात. मग त्या स्टुलावर आजी बसते, आणि ते मोडत नाही. गुणपत्रिका कपाटात जाते. स्टूल मात्र घरात राहते आणि रोज साक्ष देते.

आम्हां ख्रिस्ती लोकांना हे परके वाटू नये. नासरेथकर येशूला सुतार म्हणूनच ओळखत होते, अशी नोंद संत मार्कच्या शुभवर्तमानात आहे. दुसऱ्या शतकातील हुतात्मा संत जस्टिन यांनी तर प्रभूने नांगर आणि जू घडविल्याचे लिहून ठेविले आहे. म्हणजे जवळा बाजारच्या सुताराने जी अवजारे केली, तीच. पोप बारावे पायस यांनी १९५५ साली १ मे हा दिवस श्रमिक संत योसेफाचा सण म्हणून ठरविला. तो सण आपण भक्तीने पाळतो. पण त्याच घरात मुलगा अभ्यास करीत नाही म्हणून ‘मग सुतारकाम करशील’ अशी धमकीही देतो. एकाच तोंडाने योसेफाची नोव्हेना आणि त्याच्या धंद्याची हेटाळणी, हे आपण कधी ताडून पाहावयास हवे.

मराठवाड्यात आज हा प्रश्न निकडीचा आहे. ट्रॅक्टर आणि लोखंडी अवजारे आली, प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि सुताराची पडवी ओस पडू लागली. जातीची ती जुनी शाळा बंद पडली, याचे दुःख करण्याचे कारण नाही. परंतु तिच्या जागी सर्वांसाठी खुली अशी दुसरी उघडली नाही, याचे दुःख जरूर करावे. पदवी घेतलेला, शेतात रमत नसलेला आणि परीक्षांमागून परीक्षा देत वय वाढवीत चाललेला तरुण गावोगावी भेटतो. आपण कशाच्याच उपयोगाचे नाही, ही भावना त्याला आतून पोखरते. अशा मनाला उपदेशाने उभारी येत नाही.

शासनाने काही दारे उघडली आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना, सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे शिकावे, असे सुचविले आहे. मराठवाडा मुक्तिसंग्रामाला पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, १७ सप्टेंबर २०२३ रोजी, पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू झाली. तीत सुतारांसह अठरा पारंपरिक व्यवसायांतील कारागिरांना प्रशिक्षण आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. पण इतिहास सांगतो की, वरून आलेली योजना कार्यानुभवाच्या तासिकेसारखी कागदावर विरून जाऊ शकते. तिला गावातून हात लागले तरच ती टिकते.

ते हात आपले का नसावेत? प्रत्येक धर्मग्रामाजवळ एखादी खोली असते, जी आठवडाभर कुलपात असते. चार करवती, चार रंधे, पटाश्या, हातोड्या, गुणे आणि एक भक्कम मेज एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. गावातील वृद्ध सुताराला सन्मानाने गुरू म्हणून बोलवावे आणि त्याच्या वेळेचे योग्य मोल द्यावे. वर्गात डॉक्टरचा मुलगा आणि मजुराची मुलगी एकाच मेजावर असावीत. हे घडले नाही, तर वर्ध्याची फसगत पुन्हा होईल. मुलांनी केलेला माल विकण्याची घाई करू नये. त्यांनी मंडळाच्या शाळेतील बाक, अंगणवाडीतील पाट, एखाद्या विधवेच्या घराचे दार दुरुस्त करावे. शिकविणाऱ्याने हात उगारू नये आणि शब्दही जपून वापरावा. ट्यूरिनचा तो जुना करार येथे भिंतीवर लावण्याजोगा आहे.

आपला मुलगा सुतार होणार काय, असे पालक विचारतील. बहुधा होणार नाही, आणि झाला तर त्यात लाजण्यासारखे काय आहे? तो परिचारक होईल, शिक्षक होईल, शेती करील किंवा संगणकापुढे बसेल. पण आयुष्यात पुढे जेव्हा एखादे काम पहिल्या खेपेला बिघडेल, तेव्हा ते पुन्हा मापून, पुन्हा तासून बसविता येते, हे त्याच्या हातांना आठवत असेल.